माकडे का मेली?

गोचीड म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येते ती गाईच्या कानामागे किंवा कुत्र्याच्या मानेवर चिकटलेली, रक्त पिऊन फुगलेली राखी रंगाची गोळी. ओढून काढायची, दगडाने चिरडायची, की काम झाले. या जिवामुळे माणसे मरू शकतात हे पश्चिम घाटातल्या गावांना कळायला १९५७ साल उजाडावे लागले. ते कसे कळले याची हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत. तिच्यात अंदाज चुकल्याचे प्रसंग बरेच आहेत, आणि विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून नेमके तेच गाळले जातात.

तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. १९५७ च्या मार्च महिन्यात या जंगलात माकडे मरून पडत असल्याची बातमी पुण्यात येऊन पोचली. काळ्या तोंडाची वानरे आणि लाल तोंडाची माकडे, दोन्ही मरत होती. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांत माणसे तापाने फणफणत होती. एकाएकी थंडी वाजून ताप चढे, डोके ठणके, अंग मोडून येई; काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येई. काही जण दगावलेही. चौकशी केली तेव्हा आदल्या वर्षीही असे रुग्ण होऊन गेल्याचे निघाले. मात्र तेव्हा कोणी त्यांचा संबंध जंगलाशी जोडला नव्हता.

बातमी पुण्याला का, तर तेथे विषाणू संशोधन केंद्र होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून ते १९५२ मध्ये सुरू केले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. हे नाव तिला १९७८ मध्ये मिळाले. १९५७ मध्ये केंद्राचे प्रमुख होते डॉ. टेलफर्ड वर्क. माकडे मरतात आणि पाठोपाठ माणसांना ताप येतो, हे ऐकताच विषाणूतज्ज्ञांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत पीतज्वर येतो तो असाच, आधी माकडांना टिपत. या रोगाची साथ आशियात कधीच आलेली नाही. पण त्याचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती डास आपल्या शहरांत घरोघरी आहे आणि आपल्यापैकी कोणाच्याही अंगात या रोगाची प्रतिकारशक्ती नाही. तो एकदा आत शिरला तर काय होईल, या विचारानेच तज्ज्ञांच्या पोटात गोळा आला असणार.

डॉ. वर्क, डॉ. हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी जंगलात पोचले. मेलेल्या माकडांचे अवयव आणि तापाच्या रुग्णांचे रक्त पुण्याला आणून उंदरांच्या तान्ह्या पिल्लांना टोचण्यात आले. (विषाणू हाती लागण्याचा त्या काळचा हा मुख्य मार्ग.) पिल्ले आजारी पडली. विषाणू सापडला, पण तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे नाते जुळले ते भलतीकडेच, सैबेरियाच्या जंगलांतील मेंदूज्वराच्या विषाणूशी.

या मेंदूज्वराचा शोध वीसच वर्षांपूर्वीचा होता. १९३७ मध्ये लेव झिल्बर यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत शास्त्रज्ञांचे एक पथक अतिपूर्वेकडील जंगलात गेले आणि हा रोग गोचिडींमुळे पसरतो हे त्यांनी शोधून काढले. त्याची किंमतही मोजली. तरुण शास्त्रज्ञ मिखाईल चुमाकोव्ह यांना तोच रोग जडला. त्यांचा एक हात लुळा झाला आणि श्रवणशक्ती गेली. झिल्बर परतले आणि त्याच वर्षी त्यांना अटक झाली!

नातेवाइक गोचिडींवर जगणारा निघाला म्हटल्यावर क्यासनूरमध्येही लक्ष डासांवरून गोचिडींकडे वळले. गोचिडी पकडण्याची पद्धत मोठी साधी होती. फ्लॅनेलचे पांढरे फडके गवतावरून, पाचोळ्यावरून ओढत न्यायचे. गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून वाट पाहत बसलेली गोचीड समजते की जनावर आले, आणि फडक्याला चिकटते. मग एकेक चिमट्याने उचलायची, जात ओळखायची, मोजायची. असे महिनोन्‌महिने चालले. पुढे त्यासाठी सागर येथे केंद्राचे क्षेत्रीय ठाणेही होते. या कामातून मुख्य वाहक सापडली ती हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची गोचीड. तिच्यात विषाणूही मिळाला. पुण्यात हा विषाणू हाताळणाऱ्या प्रयोगशाळेतील कित्येक कर्मचाऱ्यांनाही रोगाने गाठले. असे विषाणू बंदिस्तपणे हाताळता येतील अशी सर्वोच्च सुरक्षिततेची प्रयोगशाळा पुण्यात झाली ती थेट २०१२ मध्ये.

आता प्रश्न असा की सैबेरियाचा भाऊबंद मलनाडच्या झाडीत आला कसा? दर हिवाळ्यात उत्तरेकडून लाखो पक्षी आपल्याकडे येतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर विषाणू आला असावा, असा तर्क पुढे आला. तो तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्षी पकडून, पायात कडी घालून सोडण्याची मोठी मोहीम हाती घेतली. तर्क सिद्ध झाला नाही. पण आपल्याकडे येणारे पक्षी कोठून येतात, कोणत्या वाटेने जातात, याची पक्की माहिती प्रथमच मोठ्या प्रमाणावर जमली ती या निमित्ताने. (परदेशी पैशावर चालणाऱ्या अशा संशोधनाबद्दल पुढे शंकाही घेतल्या गेल्या, १९७४-७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर अहवाल दिला.) आज जनुकीय तुलनेवरून दिसते की क्यासनूरच्या विषाणूचा सर्वांत जवळचा नातलग सैबेरियात नसून सौदी अरेबियात आहे. तो अलखुर्मा विषाणू १९९० च्या दशकात सापडला. शिवाय कच्छ-सौराष्ट्रातील लोकांच्या रक्तातही क्यासनूरसारख्या विषाणूची प्रतिपिंडे पूर्वीच आढळली होती. म्हणजे पाहुणा १९५७ मध्ये नव्याने आला होता असे मानायला फारसा आधार उरत नाही.

मग माकडे १९५७ मध्येच का मेली? या प्रश्नाला आम्हाला सर्वांत पटते ते उत्तर डॉ. होर्हे बोशेल यांचे. हे मूळचे कोलंबियाचे. तेथे पीतज्वरावर काम करताना, लाकूडतोडे झाड पाडतात तेव्हा शेंड्यावर राहणारे डास त्याबरोबर खाली येऊन त्यांना चावतात, हे त्यांनी पाहिले होते. असा माणूस क्यासनूरला आला आणि त्याने माकडांपेक्षा गुरांकडे जास्त लक्ष दिले.

हे समजण्यासाठी गोचिडीचे आयुष्य पाहिले पाहिजे. अंड्यातून निघते ते सहा पायांचे डिंभ. (वर्गात पाय मोजायला लावलेत तर मुले त्याला कीटक म्हणतील, आणि त्यांची चूक नसेल. कात टाकल्यावर आठ पाय होतात, तेव्हा कोळी-विंचवांशी असलेले नाते दिसते.) डिंभ एकदा रक्त पिते आणि कात टाकून निंफ होते, निंफ एकदा रक्त पिते आणि प्रौढ होते, प्रौढ मादी एकदा पोटभर पिते, हजारो अंडी घालते आणि मरते. आयुष्यात तीन जेवणे, तीही तीन वेगवेगळ्या प्राण्यांवर. डिंभ आणि निंफ उंदीर, चिचुंद्री, माकड, पक्षी अशा कोणावरही भागवतात. प्रौढ मादीला मात्र मोठे जनावर लागते. दाट जंगलात ते मिळेल तेव्हा मिळे. मग जंगल तोडून मधे मधे भातखाचरे झाली, वस्ती वाढली, तोडलेल्या कडेला घाणेरीची झुडपे माजली आणि त्यात रोज गुरे चरायला येऊ लागली. प्रौढ गोचिडींना जणू अन्नछत्रच उघडले! गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, ती आजारीही पडत नाहीत. त्यांचा वाटा एवढाच की ती गोचिडींची संख्या वाढवतात. पूर्वी उंदीर आणि गोचिडी यांच्यात गुपचूप फिरणारा विषाणू मग माकडांपर्यंत आणि माणसांपर्यंत पोचू लागतो.

माकडाच्या रक्तात तो प्रचंड वाढतो. माकड मरते, देह थंड होतो, आणि त्यावरच्या शेकडो गोचिडी उतरून त्याच जागी पाचोळ्यात पसरतात. ती जागा धोक्याची. म्हणून मेलेले माकड दिसले की भोवतालच्या ५० मीटर परिसरात कीटकनाशकाची भुकटी मारतात. कन्नडमध्ये या रोगाला ‘मंगन कायिले’ म्हणजे माकडाचा रोग म्हणतात, आपल्याकडे ‘माकडताप’. हे नाव आम्हाला थोडे अन्यायाचे वाटते. माकड आपल्याआधी मरते आणि मरताना आपल्याला सावध करून जाते.

पुढचा इतिहास बोशेल यांच्या म्हणण्याला दुजोरा देतो. १९८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी भागात काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ केल्यावर मोठी साथ आली. हजारावर लोक आजारी पडले, शंभरावर मेले. २०१२ नंतर रोग शिमोग्याच्या आसपासचे जिल्हे ओलांडून बंदीपूर, वायनाडकडे दिसू लागला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या जानेवारीत सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात त्याने पाऊल टाकले. दोन्हीकडे रुग्णांत काजूबागांत राबणारे बरेच होते. माणसाला चावते ती मुख्यत्वे निंफ, खसखशीच्या दाण्याएवढी, दिसतही नाही. तिचा हंगाम डिसेंबर ते मे. काजू वेचण्याचा, पातेरा गोळा करण्याचा आणि जळाऊ लाकडे आणण्याचा हंगामही तोच.

राहता राहिली लस. सुरुवातीला नात्यावर भिस्त ठेवून रशियन मेंदूज्वराची लस टोचून पाहिली. उपयोग झाला नाही. मग कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींवर क्यासनूरचाच विषाणू वाढवून, तो फॉर्मॅलिनने मारून लस तयार करण्यात आली. १९९० ते १९९२ या काळात झालेल्या चाचणीत दोन मात्रा घेतलेल्यांत तिची परिणामकारकता ९३.५ टक्के आढळली. पण २००५ ते २०१० च्या नोंदी तपासल्या तेव्हा तोच आकडा ६२.४ टक्के निघाला. वर्धक मात्रा घेतलेल्यांत ८२.९. टोचल्यावर दंड फार दुखतो म्हणून पुढच्या मात्रेला लोक येत नसत. अखेर २०२२ मध्ये या लसीचा वापर थांबवण्यात आला आणि नव्या लसीचे काम सुरू झाले.

ती हाती येईपर्यंत काजूबागेत जाणाऱ्या बाईकडे असते ते अंगभर कपडे, हातापायांना चोळायचे गोचिडीनाशक तेल, आणि घरी आल्यावर कपडे कढत पाण्यात टाकून साबणाने केलेली आंघोळ. आणि वाटेत मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्रात कळवणे. १९५७ मध्ये क्यासनूरची बातमी पुण्याला पोचली ती अशीच, कोणीतरी कळवले म्हणून.