गोंधळ : घरच्या वार्तेची आणि गाण्याची एक रात्र

वऱ्हाडातल्या अनेक घरांत अक्षता पडल्या म्हणजे लग्नकार्य पार पडलं, असं मानत नाहीत. कुलदेवीचा गोंधळ घातला, की मगच ते सुफळ झालं म्हणायचं. लग्न, जावळ, नव्या घराची वास्तू, फेडायचा राहिलेला नवस, अशी काही ना काही घटना घरात घडल्याशिवाय गोंधळ सहसा मांडला जात नाही. गोंधळ हा कुळाचार आहे, यात वादच नाही. पण कुळाचार तर शेकडो होते, त्यांतले कितीतरी मागे पडले. गोंधळ मात्र शतकानुशतकं टिकला, कारण भाऊबंद, सोयरे, लेकी-जावई यांना एका मांडवाखाली रात्रभर बसवण्याचं आणि घरात काय घडलं ते सर्वांसमक्ष सांगण्याचं काम तो करत आला. घरची वार्ता आणि जिवंत गाणं यांची त्यात फारकत झालेली नाही.

या प्रथेचं कूळ किती जुनं, याचा पुरावा ग्रंथांत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३१ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘गोंडली’ नृत्याचा उल्लेख येतो. वऱ्हाडातल्याच बार्शीटाकळीच्या कोरीव देवळासाठी अभ्यासक ज्या शिलालेखाचा आधार घेतात, तो शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६ चा. त्या दगडावर अक्षरं कोरली गेली तेव्हा गोंडली राजाच्या ग्रंथात नोंदली जाऊन चार दशकं उलटली होती. पुढे देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त तिची दखल घेतली. काकतीयांचा सेनापती जाय याने तेराव्या शतकाच्या मध्यास ‘नृत्तरत्नावली’त तिची हकिकतच दिली आहे : कल्याणीतल्या भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेषात नाचणारी स्त्री पाहून सोमेश्वर प्रसन्न झाला, आणि ते नृत्य दरबारात मान्यता पावलं.

यावर आक्षेप घेता येतो. दरबारातलं नृत्य स्त्रीचं होतं आणि आजचा गोंधळ पुरुष घालतात, मग एकाचा वंश दुसऱ्यात कसा धरायचा? आक्षेप रास्त आहे, आणि दरबारी नृत्य जसंच्या तसं अंगणात उतरलं, असं म्हणणं धाडसाचं होईल. पण जाय सेनापतीची हकिकत नीट वाचली, तर प्रवास उलट्या दिशेचा दिसतो. दरबाराने ते नृत्य लोकांच्या देवीउत्सवातून उचललं, म्हणजे लोकांतलं रूप आधीचं. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी गोंधळाचा शोध घेताना देवीपूजेच्या याच धाग्याकडे लक्ष वेधलं. राजघराणी गेली, दरबारी गोंडली ग्रंथांत उरली. देवीपुढचं गाणं-नाचणं मात्र चालत राहिलं, कारण त्याला राजाचा नव्हे, कुळांचा आश्रय होता.

कुळांचा हा आश्रय गोंधळाच्या मांडणीतही दिसतो. पाटावर नवं खणाचं वस्त्र, त्यावर धान्याचा चौक, मधोमध कलश, भोवती पाच उसांचा किंवा ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. समोर दिवटी आणि तेलाची बुधली. संबळ, तुणतुणं आणि झांज यांच्या साथीवर नमन होतं, मग माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची महालक्ष्मी, जेजुरीचा खंडोबा अशा एकेका दैवताला त्याच्या गावासह आवतण दिलं जातं. ज्यांच्या घरचं कार्य, त्यांच्या कल्याणाचं मागणं देवीकडे होतं. त्यानंतर आख्यान सुरू होतं ते रात्र सरेपर्यंत. गोंधळ घालणाऱ्या गोंधळ्यांची करपल्लवीही पाहण्याजोगी असते. बसलेल्यांपैकी कुणी तरी एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगतो. तो तोंडातून शब्द न काढता बोटांच्या खुणा करतो, आणि दूर उभा असलेला त्याचा जोडीदार ते नाव मोठ्याने उच्चारतो. ही नावं बहुधा बसलेल्यांचीच असतात, त्यामुळे श्रोता आपोआप मैफलीत ओढला जातो.

विधी आणि मैफल यांची अशी सरमिसळ केल्याने श्रद्धा उणावते, असं कुणी म्हणेल. पण रात्रभराची आख्यानं, नाट्य, विनोद यांची योजना परंपरेनेच केली आहे; देवीला जागवायचं तर माणसांनाही जागं ठेवावं लागतं. दुसरा आक्षेप काळाचा : खुशाली फोनवर कळते, गाण्याला डीजे आहे, मग गोंधळ कशाला? फोन वार्ता पोचवतो, पण ऐकणाऱ्यांना एकत्र बसवत नाही. डीजे माणसं जमवतो, पण त्याच्या आवाजात शेजारच्याची विचारपूसही करता येत नाही. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी गोंधळ रंगमंचावर नेला, त्यातून कलेला नवे श्रोते मिळाले, हे मोठंच काम. तरीही तिकीट काढून आलेला श्रोता आणि मांडवातला सोयरा यांत फरक राहतोच. म्हणून घरात कार्य निघालं, की गोंधळ्यांना दाराशीच दक्षिणा देऊन उरकतं घेऊ नका. त्यांना पूर्ण रात्र द्या, योग्य बिदागी द्या, आणि आख्यान संपेपर्यंत पाहुण्यांसह बसा.