वाघाची मावशी आणि धानाचं पुंजणं

कोहमारा हे नाव बहुतेकांनी हमरस्त्यावरच्या पाटीवरच वाचलेलं असतं. नागपूरहून रायपूरला निघालात की साकोलीच्या पुढे, गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यात हे गाव लागतं. गोंदियाकडून येणारा रस्ता इथे महामार्ग ओलांडून नवेगावबांधला जातो. उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगावचं जंगल. २०१३ मध्ये ही दोन्ही जंगलं मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून या भागाचं नाव निघालं की लोक वाघाबद्दलच बोलतात. पण आजचा विषय वाघ नाही, वाघाची मावशी आहे.

हा सगळा धानाचा मुलूख. कापणी झाली की बांध्यांमध्ये धानाची पुंजणी उभी राहतात, चुरणी झाली की धान घरात येतं. धानामागून उंदीर येतो आणि उंदरामागून मांजर. हे मांजर कुणाचंच नसतं. गोठ्याच्या माळ्यावर वितं, ढाब्यामागे खरकटं खातं, आणि माणूस दहा पावलांवर आला की पसार होतं. अशा रानटी झालेल्या मांजराशी दोस्ती करून त्याला घरात आणता येतं का? उत्तर देण्याआधी जरा मागे जाऊ. थोडं थोडकं नाही, साडेनऊ हजार वर्षं.

सायप्रस बेटावर शिल्लूरोकाम्बोस नावाची एक नवाश्मयुगीन वस्ती आहे. तिथे फ्रेंच संशोधकांना माणसाच्या कबरीपासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर एक अख्खं मांजर पुरलेलं सापडलं. वय अंदाजे आठ महिने. हे संशोधन २००४ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं. गंमत अशी की सायप्रसमध्ये मूळची मांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी त्याच्या पूर्वजांना होडीत घालून समुद्रापार नेलं होतं. हाडं मात्र अजून रानमांजराचीच.

२००७ मध्ये कार्लोस ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या ९७९ मांजरांचा डीएनए तपासला. निष्कर्ष असा की जगातली सगळी घरगुती मांजरं एकाच वंशातली: पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं रानमांजर, फेलिस लिबिका. त्या भागात शेती सुरू झाली, धान्य साठायला लागलं, उंदीर माजले, आणि मांजर आपल्या पायांनी वस्तीत आलं. गाय, शेळी, कुत्रा यांच्यात माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हवे ते गुण वाढवले. मांजराच्या बाबतीत असं फार काळ झालंच नाही. वेगवेगळ्या 'जाती' बनवण्याचा उद्योग बहुतांशी गेल्या दीडएकशे वर्षांतला. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर मांजर हे आपण लिहिलेलं सॉफ्टवेअर नाही. ते जसंच्या तसं आलं आणि आपल्या सिस्टिमवर चाललं, इतकंच.

पण केवळ उंदरांचा व्यवहार होता असंही नाही. इजिप्तमध्ये हिएराकोनपोलिस इथे इ. स. पूर्व ३७००च्या आसपासच्या दफनभूमीत एक तरुण रानमांजर सापडलं. त्याची हाडं मोडलेली होती आणि पुन्हा जुळत आलेली होती. पाय मोडलेलं मांजर रानात एकट्याने जगणं कठीण. मरण्याआधी काही आठवडे कुणीतरी ते जपलं होतं, असा याचा अर्थ संशोधकांनी लावला. रानटी मांजराची घरी केलेली शुश्रूषा, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची!

आता आपल्याकडे येऊ. अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये सिंधमधल्या चन्हुदडो इथे उत्खनन केलं, त्यात एक वीट मिळाली. ओली असताना तिच्यावरून एक मांजर पळालं आणि मागोमाग एक कुत्रा. दोघांचेही पंजे उमटलेत. चारएक हजार वर्षांपूर्वीचा दोन सेकंदांचा प्रसंग विटेत भाजला गेला. मांजर पाळलेलं होतं की भटकं, हे वीट सांगत नाही. पण वीट वाळत घातलेल्या अंगणापर्यंत ते आलं होतं, हे नक्की.

महाभारताच्या शांतिपर्वात लोमश मांजर आणि पलित उंदीर यांची गोष्ट आहे. मांजर पारध्याच्या जाळ्यात अडकलंय, आणि उंदराच्या मागावर मुंगूस नि घुबड टपून बसलेत. उंदीर मांजराच्या कुशीत आसरा घेतो, बदल्यात जाळं कुरतडायचं कबूल करतो. पण शेवटची दोरी तोडतो ती पारधी अगदी जवळ आल्यावरच, म्हणजे मांजराला त्याला खायला वेळच उरू नये! पुढे मांजर 'आपण मित्र' म्हणत येतं तेव्हा उंदीर लांबूनच नमस्कार करतो. गरजेपोटी झालेला करार, गरज संपली की संपला. भीष्म ही गोष्ट राजकारण शिकवायला सांगतात, पण मला ती मांजराच्या सगळ्या इतिहासाचा गोषवारा वाटते.

आणि हा करार सरकारी कागदावर आणायचा प्रयत्न झाला तो आपल्याच विदर्भात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले, आणि पुढच्या दोन दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं नेली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरची पिसू ही वाहक असल्याचं दाखवलं, पण ते मान्य व्हायला काही वर्षं गेली. मान्य झाल्यावर उंदीर मारायच्या मोहिमा निघाल्या. अनेकांना जीवहत्या पटेना, आणि मारले तरी उंदीर पुन्हा वाढतच. तेव्हा अमरावतीत असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी वेगळी बाजू मांडली. ज्या गावांत मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी. तेव्हा लोकांना मांजरं पाळायला लावा. १९०८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी हे लिहिलं. योगायोग असा की त्याच वर्षी जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही तिथे मांजरांचाच सल्ला दिला.

कल्पना साधी आणि स्वस्त होती, पण दोन ठिकाणी अडत होती. एक तर मांजराला हुकूम देऊन कुठे तैनात करता येत नाही. जिथे त्याला दूध-भाकरीचा तुकडा मिळतो आणि कुणी काठी उगारत नाही, तिथेच ते राहतं. दुसरं म्हणजे मांजरालाही प्लेग होतो, आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात असे रुग्ण सापडलेले आहेत. थोडक्यात, मांजर हे औषध नव्हतं. ते शेजारी होतं, आणि शेजाऱ्याचे आजार आपले आजार असतात.

इथे पुन्हा कोहमाऱ्याच्या बांध्यांवर येतो. या शिवारात आणखी एक मांजर आहे: बाऊल. पुस्तकात याला रानमांजर म्हणतात, शास्त्रीय नाव फेलिस चाउस. लांब पाय, आखूड शेपटी, कानाच्या टोकाला केसांचे बारीक झुपके. तेही उंदरांवर जगतं, तेही धानाच्या धुऱ्यांवरून फिरतं. पण हजारो वर्षं धानाच्या शेजारी राहूनही ते उंबऱ्याच्या आत आलं नाही. गोठ्यावरचं भटकं मांजर कितीही रानटी वागलं तरी ते करार केलेल्यांचं वंशज. बाऊल करार न केलेल्यांचं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बाऊलाच्या पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात आणि ती थेट घरच्या मांजरीच्या पिल्लांसारखी दिसतात. कापणीच्या वेळी बांधीत असं पिल्लू दिसलं तर ते आहे तिथेच ठेवावं, आई शोधत येते. आलीच नाही तर वनविभागाला कळवावं. वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे, त्यामुळे 'बिचारं' म्हणून घरी आणणं हा गुन्हाही ठरतो आणि त्या पिल्लाचा घातही.

मग गोठ्यावरच्या मांजराचं काय? १९८०च्या दशकात अमेरिकेत आयलीन कार्श यांनी दाखवलं की पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाने हाताळलं तर ते माणसाचं होतं. तो काळ हुकला की मांजर माणसाला धोका समजूनच मोठं होतं. म्हणजे प्रत्येक पिल्लू मूळचं रानातलंच, आणि तो जुना करार प्रत्येक पिढीत नव्याने करावा लागतो. पाच आठवड्यांचं पिल्लू थोड्याच दिवसांत मांडीवर येईल. चार वर्षांचा बोका कदाचित कधीच येणार नाही, पण ओसरीपर्यंत येईल.

पद्धत इतिहासानेच सांगून ठेवली आहे. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी खाणं ठेवा. अंडं, मासळी, उकडलेलं मांस चालतं. दूध मोठ्या मांजरांना बरेचदा पचत नाही, म्हणीत ते कितीही डोळे मिटून पीत असलं तरी. पकडायला जाऊ नका, टक लावून बघू नका. डोळे हळूच मिटून उघडा. २०२० मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडे मांजरं जास्त येताना दिसली. पळायची वाट कायम मोकळी ठेवा. आत येणं हा त्याचा निर्णय असला पाहिजे.

आणि आपली बाजू? तीच बहुतेक जण विसरतात. नुसतं खाणं घालणं म्हणजे अर्धाच करार. नसबंदी नाही केली तर एकाची वर्षभरात डझनभर होतात, आणि ती रोग घेऊन जंगलात जातात, बाऊलाच्या वाटेवर. म्हणून ओळख पुरेशी झाली की सापळा-पिंजऱ्यात घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं, नसबंदी आणि रेबीजची लस करून घ्यावी. दरम्यान चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. इथे 'बघू उद्या' नको.

असो. भाषेत आपण 'गाय पाळली' म्हणतो तसंच 'मांजर पाळलं' म्हणतो. पहिलं बरोबर आहे. दुसऱ्यात कर्ता कोण आणि कर्म कोण, हे ब्यूकॅननच्या काळापासून आजवर एकाही मांजराने मान्य केलेलं नाही.