पोटाचं नाव, पित्ताचं काम

खारघरमधल्या औषधाच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहा. 'पित्ताची गोळी द्या' म्हणणारं एखादं तरी गिऱ्हाईक येतंच. दुकानदार काही न विचारता जठरातलं आम्ल कमी करणारी पट्टी पुढे सरकवतो. खरं तर पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि लहान आतड्यात उतरतं. छातीशी जळजळतं ते जठरातलं आम्ल. पण बोलीत पित्ताचं नाव आम्लाला चिकटलं ते चिकटलंच.

अशीच गल्लत १९८०च्या दशकात प्रयोगशाळेतही झाली. डुकराच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून, म्हणजे शेषांत्रातून, एक छोटं प्रथिन वेगळं काढलं गेलं. ते जठराला आम्ल आणि पेप्सिनोजेन स्रवायला लावतं, असं प्रयोगांत दिसलं. मग ते संप्रेरक ठरलं आणि त्याचं बारसं झालं 'गॅस्ट्रोट्रोपिन', म्हणजे जठराकडे रोख असलेलं. १९८८ साली त्याची अमिनो आम्लांची पूर्ण माळ छापून आली, तीही याच ओळखीसह.

माळ हाती आली आणि कूळ उघडं पडलं. ती जुळत होती मेदाम्लं वाहणाऱ्या प्रथिनांशी. ही मंडळी पेशीच्या आत राबतात, रक्तातून निरोप घेऊन दूर जात नाहीत. १९८९च्या एका शोधनिबंधाने तर शीर्षकातच सांगून टाकलं की हे जठराला चेतवणारं संप्रेरक नव्हे.

मग त्याचं काम काय? पित्ताम्ल म्हणजे शरीराचा घरगुती साबण. यकृत तो कोलेस्टेरॉलपासून बनवतं. त्याची एक बाजू पाण्याशी सलगी करते, दुसरी तेलाशी, म्हणून जेवणातलं तूप-तेल बारीक थेंबांत फुटतं. हा साबण एकदा वापरून टाकून देणं शरीराला परवडत नाही. सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं आतड्यातून यकृताकडे परततात. शेषांत्राच्या पेशीच्या दारावरचं एक प्रथिन सोडियमच्या ओढीने त्यांना आत घेतं. पण साबण आत मोकळा सुटला तर पेशीची स्निग्ध आवरणंच विरघळायची. त्याला सांभाळून पलीकडच्या दाराशी नेणारा हमाल म्हणजे आपलं गॅस्ट्रोट्रोपिन.

ही हमाली जमते ती घडणीमुळे. दहा पट्ट्या विणून झालेल्या दोन चादरी तिसऱ्याच्या शिंपल्यासारख्या समोरासमोर बसतात, मध्ये पोकळी राहते आणि तोंडाशी दोन आखूड मळसूत्रं झाकणासारखी असतात. पित्ताम्लाची तेलकट बाजू या पोकळीत दडते. १९९६ साली चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने हा आकार वाचला गेला. पुढे २००२ साली आणखी एक खुबी कळली: आत दोन रेणू मावतात आणि पहिला बसला की दुसऱ्याला बसणं सोपं जातं. पित्ताम्लं थोडी असताना पकड सैल, लोंढा आला की घट्ट. या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत पित्ताम्लांची वाहतूक मंदावली, तेव्हा हमालाची किंमतही कळली.

आकारावरून काम ओळखायची ही विद्या खारघरला परकी नाही. परळची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट २००२ साली इथे आली आणि टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकचा भाग झाली. तिथे प्रथिनांचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्यांची घडण वाचतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गॅस्ट्रोट्रोपिनचं प्रमाण वाढलेलं आढळल्याने कर्करोगाच्या अभ्यासकांच्या यादीतही त्याचं नाव गेलं आहे.

नाव मात्र दोन जागी दोन आहे. जनुकाच्या सातबाऱ्यावर लागलं ते खरं कूळ: एफएबीपी-६, मेदाम्लवाहकांच्या घराण्यातलं सहावं. प्रथिनांच्या मोठ्या जागतिक सूचीत मात्र अजून गॅस्ट्रोट्रोपिनच. दुकानातल्या गिऱ्हाइकाला हसण्याआधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.