आरशाने अडवलेले भिंग

जर्मनीतील वेट्झलार येथे १९३० च्या सुमारास तयार झालेले ‘एल्मार’ नावाचे चिमुकले भिंग आज कित्येक हौशी छायाचित्रकार डिजिटल कॅमेऱ्यावर बसवून वापरतात. मधली पन्नासएक वर्षे मात्र छायाचित्रकारांच्या हातात जे एसएलआर कॅमेरे होते, त्यांच्यावर हे भिंग जवळजवळ निरुपयोगी ठरत असे. काच तीच, मग असे का व्हावे? उत्तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या भिंगाच्या सूत्रात आहे.

ओस्कार बारनाक (१८७९–१९३६) हा लाइट्झ या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यातील तंत्रज्ञ. त्याला दम्याचा विकार होता, आणि काचेच्या तबकड्यांचा जड कॅमेरा डोंगरावर वाहून नेणे त्याला झेपत नसे. त्याने सिनेमाची ३५ मि.मी. रुंदीची फिल्म घेतली, तिच्यावरील चौकट दुप्पट करून २४ × ३६ मि.मी. केली आणि १९१४ पर्यंत खिशात मावणारा कॅमेरा तयार केला. महायुद्धामुळे काम रेंगाळले. अखेर १९२४ साली कारखान्याचे मालक एर्न्स्ट लाइट्झ यांनी जोखीम पत्करली आणि १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला. त्यासाठी माक्स बेरेक याने ५० मि.मी. नाभीय अंतराची भिंगे आखली. एल्मार हे त्यांपैकीच. त्यात चार काचा असतात. मागच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या.

दूरच्या वस्तूची प्रतिमा उमटवायची तर ५० मि.मी.चे भिंग फिल्मपासून सुमारे ५० मि.मी. दूर हवे. लायकाची धातूची तोंडपट्टी, जिच्यावर भिंग आट्यांनी बसवतात, ती फिल्मपासून २८.८ मि.मी. अंतरावर आहे. उरलेले अंतर एल्मारची नळी भरून काढते. काम झाले की ही नळी कॅमेऱ्याच्या पोटात ढकलून द्यायची! हे शक्य होते, कारण पोटात पोकळीशिवाय काहीच नव्हते. भिंगातून पाहण्याची सोय या कॅमेऱ्यात नव्हतीच. १९३२ च्या लायकात अंतर मोजण्यासाठी दोन लहान खिडक्या आल्या. त्यांतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा, भिंग फिरवत, एकमेकींवर आणायच्या. नाकासमोर पेन्सिल धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटला की ती सरकल्यासारखी दिसते. रेंजफाइंडरचे तत्त्व तेच.

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे ४५ अंशांत तिरपा आरसा असतो. त्यामुळे जे फिल्मवर उमटणार तेच डोळ्याला दिसते. ही सोय फार मोठी होती, यात शंका नाही. पण २४ मि.मी. उंचीच्या चौकटीसाठी उघडझाप करणारा आरसा बसवायचा तर जागा लागतेच. १९५९ च्या निकॉन एफमध्ये तोंडपट्टी ४६.५ मि.मी. दूर गेली. आता एल्मार तिच्यावर लावून पाहू. भिंग १७.७ मि.मी. अधिक पुढे जाते, म्हणजे प्रतिमेचे अंतर ६७.७ मि.मी. होते. सूत्रात ५० आणि ६७.७ घातले तर वस्तूचे अंतर येते सुमारे १९ सें.मी.! फूल टिपता येईल, समोरचा डोंगर नाही. (हे गणित वर्गात फळ्यावर जरूर करून घ्यावे; कंटाळवाण्या सूत्राला एकदम काम मिळते.) पुढे बहुतेक डिजिटल एसएलआरनीही आरसा तसाच ठेवला आणि अडचणही तशीच राहिली.

२००८ मध्ये पॅनासॉनिकने आरसा काढून टाकलेला जी१ बाजारात आणला. संवेदकावर पडणारी प्रतिमा थेट छोट्या पडद्यावर दिसू लागल्यावर आरशाचे काम उरले नव्हते. २०१३ च्या सोनी ए७ मध्ये तर संवेदक बारनाकच्याच मापाचा, २४ × ३६ मि.मी., आणि तोंडपट्टी फक्त १८ मि.मी. दूर. २८.८ वजा १८, म्हणजे १०.८ मि.मी. जाडीचे धातूचे कडे मध्ये घातले की एल्मार पुन्हा आपल्या हक्काच्या जागी येते. दोन खिडक्या नसल्या तरी पडद्यावरील प्रतिमा मोठी करून हाताने नेम साधता येतो.

पण संवेदक म्हणजे फिल्म नव्हे. त्यातील प्रत्येक प्रकाशग्राही ठिपका जणू उथळ विहिरीच्या तळाशी असतो. समोरून आलेला प्रकाश तळ गाठतो, फार तिरपा आलेला भिंतीवरच अडतो. एल्मारमधून चौकटीच्या कोपऱ्यात जाणारा किरण सुमारे २३ अंशांनी तिरपा असतो, तेवढे चालते. रेंजफाइंडरसाठीच्या २१ मि.मी.च्या जुन्या विशालकोनी भिंगांत हा कोन ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि मग कोपरे काळवंडतात, कडांवर जांभळट झाक येते. फिल्मवरही कोपरे थोडे मंदावत, पण रंग बिघडत नसे. लायकाने २००६ च्या एम८ या डिजिटल कॅमेऱ्यात संवेदकावरील सूक्ष्मभिंगे कडांकडे जाताना केंद्राच्या बाजूला सरकवली, ती याच कारणाने.

जुन्या एल्मारवर परावर्तनरोधक लेपही नसतो. हवा आणि काच यांच्या सहा पृष्ठांवर प्रत्येकी सुमारे चार टक्के प्रकाश परततो, म्हणजे एकूण पाचवा हिस्सा वाया, आणि त्यातला काही प्रतिमेवर धुक्यासारखा पसरतो. सूर्य समोर असेल तर हे फार जाणवते. भिंगावर टोपण-छत्री लावणे बरे. आणि नळी आत ढकलण्याचा मोह डिजिटल कॅमेऱ्यावर आवरावा. बारनाकच्या कॅमेऱ्यात तिथे पोकळी होती. आजच्या काही कॅमेऱ्यांत नळीचे मागचे टोक आतल्या भागांवर आदळू शकते.