स्टेम सेलपासून हाड कसं बनवतात? उपचार घेण्याआधी हे वाचा

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ३ रुग्णांची नोंद केली. तिघंही चाळिशीच्या आतले. कोविडमध्ये त्यांना स्टेरॉइड दिलं होतं. साधारण दोन महिन्यांनी त्यांचा खुबा दुखू लागला. निदान झालं अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, म्हणजेच एव्हीएन.

यात हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतला भाग मरतो. पुढे खुब्याचा गोळा खचला, तर अनेकदा सांधाच बदलावा लागतो. तिशीतल्या माणसासाठी हा मोठा निर्णय आहे. त्याऐवजी नवं हाड तयार करता येईल का?

पेशी येतात कुठून?

आपल्या बोनमॅरोमध्ये मेसेनकायमल स्टेम सेल असतात. त्यांच्यापासून हाड, कूर्चा किंवा चरबीच्या पेशी बनू शकतात.

त्यांना हाडाकडे कसं वळवतात?

- रसायनं: प्रयोगशाळेत पेशींना डेक्सामेथासोन, क जीवनसत्त्व आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट देतात. क जीवनसत्त्वामुळे कोलॅजेनचं जाळं तयार होतं, तर ग्लिसरोफॉस्फेटमधून खनिजासाठी फॉस्फेट मिळतं. साधारण ३ आठवड्यांनी अ‍ॅलिझरिन रेड हा रंग टाकतात. कॅल्शियम साचलं असेल तर ते लाल दिसतं.
- प्रथिनं: बीएमपी-२ हे प्रथिन पेशींना हाड बनवण्याचा संदेश देतं.
- आधार: बांधकामाला जशी परांची, तसा पेशींना सच्छिद्र सांगाडा लागतो. पृष्ठभाग कडक असेल तर पेशी हाडाकडे झुकतात, हे २००६ च्या एका संशोधनात दिसलं.

स्टेरॉइड हाड घडवतं की मारतं?

डेक्सामेथासोन हेही स्टेरॉइडच आहे. बशीत ते अगदी अल्प मात्रेत वापरतात. शरीरात मोठी मात्रा गेली, तर याच पेशी चरबीकडे वळू शकतात आणि हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. तरीही डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका, ते धोकादायक ठरू शकतं.

हा उपचार भारतात मिळतो का?

एव्हीएनसाठी 'ऑसरॉन' या उत्पादनाला औषध महानियंत्रकांनी २०१७ मध्ये मंजुरी दिली. रुग्णाचाच बोनमॅरो काढून, प्रयोगशाळेत त्यातून हाड बनवणाऱ्या पेशी वाढवतात आणि खराब भागात सोडतात. मात्र गोळा पूर्ण खचल्यावर याचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे जांघेतलं दुखणं अंगावर काढू नका. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, एमआरआयमध्ये मात्र एव्हीएन लवकर दिसतो.

फसवणूक कशी टाळायची?

मंजुरी त्या उत्पादनाला आणि त्या आजारापुरती असते. सोलापुरात असो वा पुण्या-मुंबईत, कुणी 'स्टेम सेलने हाड नवं करून देतो' म्हणालं, तर दोन प्रश्न विचारा: या उत्पादनाला कोणत्या आजारासाठी मंजुरी आहे? मंजुरी नसेल, तर क्लिनिकल ट्रायलचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? ही नोंदवही ऑनलाइन कुणालाही पाहता येते. आणि आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ट्रायलमधल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.