चौलच्या जत्रेतला अंधार

साल १९३५. दत्तजयंतीचा चंद्र चौलच्या डोंगरावर आलाय आणि तुम्ही जत्रेतल्या टूरिंग टॉकीजच्या तंबूत शिरताय. बाहेर गॅसबत्त्यांच्या उजेडात बांगड्या, घोंगड्या, खाजं, आत काळोख. जनरेटर धडधडतोय. बायका एकीकडे, बाप्ये दुसरीकडे, सगळे जमिनीवर. दाटीत तुम्हाला जागा मिळते ती मधल्या दोरीला लागून.

'प्रभात'चा 'अमृतमंथन' सुरू होतो. तळघरात ज्योती लवलवतायत. कॅमेरा खालून वर बघत चंडिकेच्या भक्तांभोवती फिरतो. चेहरे उजळतात आणि लगेच बुडतात. मग राजगुरूचा एकच डोळा अख्खा पडदा व्यापतो. दोरीपलीकडची आगरी बाई पोराला पोटाशी ओढते. ''यो राजाला सोरनार नाय,'' ती पुटपुटते.

तिला हे कुणी सांगितलं?

एक वर्ष मागे चला, पुण्यात, प्रभातच्या स्टुडिओत. 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी १९३३ साली जर्मनीला गेलेले दिग्दर्शक व्ही. शांताराम तिथली छायाप्रकाशाची रीत बघून आलेत. कॅमेऱ्यामागे केशवराव धायबर. दोघंही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले; त्या चित्रकाराने १९२३ सालीच 'सिंहगड'साठी कृत्रिम प्रकाश वापरला होता.

आता दिव्यांचा खेळ बघा. नटावर एका बाजूने दिवा मारा आणि पलीकडची सावली भरून काढणारा दिवा बंद करा. अर्धा चेहरा नाहीसा होतो. तो अर्धा मग प्रेक्षक मनाने रंगवतो, आणि अंधारात मन बरं असं काही रंगवत नाही. तोच दिवा पायाशी ठेवा. ऊन जन्मभर वरून पडलेलं. नाकाची सावली कपाळाकडे चढली की सख्खा भाऊही परका वाटतो. दोन्हीकडून मऊ उजेड सोडा, सावल्या निवळतात आणि बघणारा निर्धास्त होतो. नट तोच, संवादही तोच.

परत तंबूत या. राजगुरू झालेले केशवराव दाते आता बोलतायत, धर्माचे दाखले देतायत. कुणाला पटत नाहीये. बोलून पटवायला वेळ लागतो. उजेडाने निकाल केव्हाच लावलाय. या गोष्टीत तो बरोबर ठरतो, कारण राजगुरू खरंच राजाच्या जिवावर उठलाय. पण हाच दिवा निरपराध माणसाच्या पायाशी ठेवला असता, तरी त्या बाईने पोराला असंच पोटाशी ओढलं असतं. म्हणून पडद्यावरच्या कुणाची पहिल्या क्षणापासून भीती वाटली, तर त्याने काय केलंय हे बघायच्या आधी त्याचा दिवा कुठे ठेवलाय ते बघा.