मध्यक आणि मुदत : मेसोथेलिओमाच्या इतिहासातील एक प्रकरण

मेसोथेलिओमा हा फुप्फुसे, उदरातील अवयव अथवा हृदय यांस वेष्टणाऱ्या पातळ आवरणाचा कर्करोग होय. ॲस्बेस्टॉसशी असलेला त्याचा संबंध १९६० साली ठळकपणे पुढे आला. त्या वर्षी वॅग्नर, स्लेग्ज व मार्चंड यांनी दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातील ३३ रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांत खाणकामगारांबरोबरच केवळ खाणींच्या आसमंतात राहिलेली माणसेही होती. तंतू शरीरात शिरल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत बहुधा २० ते ५० वर्षे लोटतात, आणि निदान होते तेव्हा तो बरेचदा फैलावलेला असतो. यास्तव या रोगाचा इतिहास मुख्यतः मृत्यूंचा इतिहास म्हणून लिहिला गेला. जे दीर्घकाळ जगले त्यांच्याकडे पाहिले असता मात्र असे दिसते की, औषधाइतकाच तेथे आकड्याच्या अर्थाचाही प्रश्न होता.

जुलै १९८२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांस उदरावरणाचा मेसोथेलिओमा झाल्याचे निदान झाले. त्यांचे वय तेव्हा ४० वर्षांचे होते. वैद्यकीय ग्रंथालयात शोध घेता त्यांस आढळले की, हा रोग असाध्य असून निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने आहे.

‘मध्यक’ ही संज्ञा येथे नीट पाहिली पाहिजे. सर्व रोग्यांचे आयुष्य चढत्या क्रमाने मांडले असता बरोबर मध्ये येणारा आकडा तो मध्यक. निम्मे रोगी आठ महिन्यांच्या आत दगावले, एवढेच हे विधान सांगते. उरलेले निम्मे किती जगले याविषयी ते मौन पाळते. लोकव्यवहारात मात्र त्याचे रूपांतर ‘आठ महिन्यांची मुदत’ असे होते. मुदत हा शब्द कर्जाच्या आणि कचेरीच्या व्यवहारातला. मुदत भरते, टळते वा वाढवून मिळते. मध्यक भरत नाही, कारण तो समूहाचे वर्णन आहे, व्यक्तीवर बजावलेला हुकूम नव्हे.

१९८५ साली ‘डिस्कव्हर’ मासिकातील लेखात गूल्ड यांनी हाच भेद उलगडून दाखविला. या आकड्यांच्या मांडणीला डावीकडे शून्याची भिंत असते, उजवीकडे मात्र ती अनेक वर्षे लांबत जाते. वय कमी, रोग तुलनेने लवकर आढळलेला आणि उपचार उत्तम, या कारणांनी आपण उजवीकडच्या लांब टोकात असण्याचा संभव त्यांस अधिक वाटला. शस्त्रक्रिया व प्रायोगिक उपचार यांनंतर ते निदानापासून जवळजवळ २० वर्षे जगले आणि २००२ मध्ये दुसऱ्याच एका कर्करोगाने निवर्तले.

तथापि एका रोग्याच्या दीर्घायुष्याने कोणताही उपचार सिद्ध होत नाही. मध्यक हलला तो पुढे, रोग्यांचे गट पाडून व उपचारांची परस्परांशी तुलना करून. फुप्फुसावरणाच्या रोगात सिसप्लाटिनला पेमेट्रेक्सेडची जोड दिल्याने, २००३ च्या चाचणीत तो ९.३ महिन्यांवरून १२.१ वर गेला. उदरावरणाच्या रोगात अर्बुदे काढून पोटात तापविलेले औषध फिरविण्याची पद्धत रूढ झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ४०५ निवडक रोग्यांच्या पाहणीत मध्यक ५३ महिने आढळला. फुप्फुसावरणाच्याच रोगात २०२१ मध्ये निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब या प्रतिकारशक्तीस चेतविणाऱ्या औषधांनी तो १८.१ महिने, तर रसायनोपचाराने १४.१ महिने दिसला. याउलट, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्स-२ या ब्रिटिश चाचणीत रसायनोपचाराला मोठ्या शस्त्रक्रियेची जोड दिलेल्यांचा मध्यक १९.३ महिने, तर केवळ रसायनोपचार घेतलेल्यांचा २४.८ महिने होता. अधिक धाडसी उपाय तो अधिक हितकर, ही समजूत तेथे टिकली नाही.

तात्पर्य, दीर्घ आयुष्याची शक्यता एका आकड्यात साठविलेली नसते. रोग कोणत्या आवरणाचा, पेशी कोणत्या प्रकारच्या, फैलाव किती, रोग्याची प्रकृती कशी आणि या विरळ रोगाचा अनुभव असलेले वैद्य लाभले काय, यांवर ती अवलंबून असते. हे प्रश्न न विचारता सांगितलेला मध्यक रोग्याच्या कानी मुदत म्हणूनच पडतो. आणि मुदत ठरली असे मानणारा रोगी उपचाराचा शोधच सोडून देण्याचा संभव असतो.